इंग्लंडमधल्या मुलांच्या जुन्या बोर्डिंग शाळा : तिथली बोली आणि रीतिरिवाज यांबद्दल मदत हवी आहे

ध्वनिलहर

नमस्कार मंडळी,

एक तासाची श्रुतिका लिहितोय. काळ १९३४, जागा इंग्लंडमधली मुलांची बोर्डिंग शाळा. दोन सख्खे भाऊ आहेत. थोरला सोळा वर्षांचा, हाउसमध्ये (मुलं राहतात त्या वसतिगृहात) बऱ्यापैकी वजन असलेला. धाकटा तेरा वर्षांचा, नुकताच दाखल झालेला. सगळं नाटक धाकट्याच्या पहिल्या काही आठवड्यांचं आहे. सुरुवात हजेरीने. मग रात्री दिवे गेल्यावर शयनगृहातल्या मुलांची अंथरुणातली कुजबुज. मग धाकट्याला थोरल्याच्या मित्राचा 'फॅग' म्हणून नेमतात, म्हणजे त्याची कामं करायला. मध्येच एक्झिआट, म्हणजे घरी जायची छोटी सुट्टी. शेवटाकडे वेताचा मार, आणि तो मार थोरल्याच्या हातून.

श्रुतिकेत चित्र नसतं. दगडी जिना, काळा कोट, मेणबत्ती यांतलं काही दाखवता येत नाही. सगळी मदार शब्दांवर आणि आवाजांवर. जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी वाचून एक वही शब्दांनी भरली आहे : बीक, हाफ, प्रेप, शेल (एक इयत्ता), टॉइज, टक (घरून आलेला खाऊ), बिल. पण मुलं हे शब्द नेमके कधी आणि कोणाशी बोलायची, ते वाचून कळत नाही. नाव सगळ्यांना माहीत म्हणून ईटन धरून चाललो आहे.

मुख्य शंका अशी : भाऊ एकमेकांना शाळेत काय म्हणून हाक मारत? मास्तरांना आणि मोठ्या मुलांना काय म्हणत? आणि जे आवाज ऐकवले की जागा उभी राहील, असे कोणते? कोणाचा त्या जगाशी जवळून संबंध आला असेल तर सविस्तर लिहा. घाई नाही.

सुईदोरा

नव्वदीच्या दशकात दक्षिण इंग्लंडमधल्या एका मुलांच्या बोर्डिंग शाळेत मी मेट्रन, म्हणजे मुलांचे कपडे आणि दुखणीखुपणी पाहणारी बाई, होते. आधी आठ ते तेरा वयाच्या लहानांकडे, मग मोठ्या मुलांच्या एका हाउसमध्ये. १९३४ मी पाहिलेलं नाही, पण तो काळ अंगावर काढलेले म्हातारे विद्यार्थी दर वर्षी शाळेत यायचे, चहा घेत बसायचे आणि त्यांना बोलायला कोणीतरी हवं असायचं. मी ऐकायचे. ऐकलेलं आणि पाहिलेलं, दोन्ही कानावर घालते.

आधी शाळा पक्की करा. तुमच्या वहीतले शब्द निदान तीन शाळांचे आहेत आणि ते एका मुलाच्या तोंडी कधीच येणार नाहीत. हाफ ईटनचा. तिथे टर्मला हाफ म्हणतात आणि असे हाफ वर्षात तीन असतात. टॉइज विंचेस्टरचे. तिथे टॉइज म्हणजे मुलाची बसायची लाकडी खोपटी, मेज आणि पुस्तकांचं फडताळ एकत्र असलेली. संध्याकाळी तिथे बसून अभ्यास करायचा, त्या वेळेला टॉइटाइम. अशा खोपट्या ज्या मोठ्या दालनात भिंतीकडेने मांडलेल्या असतात ते मगिंग हॉल. बिल हॅरोचं. तिथली ती हजेरी. बीक म्हणजे मास्तर, हा शब्द मात्र ईटन, हॅरो, चार्टरहाउस अशा बऱ्याच ठिकाणी चालतो. विंचेस्टरचा मुलगा मास्तराला डॉन म्हणेल. शिवाय तिथे दहा दिवसांपूर्वी आलेलं पोरसुद्धा 'बॉय' नसतं, ते 'मॅन' असतं.

ईटन घ्यायचं असेल तर तुमचा अंथरुणातल्या कुजबुजीचा प्रवेश गेला. ईटनमध्ये बहुसंख्य मुलं ऑपिडन, म्हणजे गावातल्या हाउसांमध्ये राहणारी. त्यांना पहिल्या दिवसापासून स्वतःची खोली मिळते. लहानशी का होईना, पण एकट्याची. शाळेच्या जुन्या इमारतीत एकत्र राहतात ते शिष्यवृत्तीवरचे सत्तर किंग्ज स्कॉलर. सहाव्या हेन्रीने १४४० मध्ये शाळा काढली तेव्हापासूनची ही सोय. रात्रीची कुजबुज हवी असेल तर पलंगांच्या रांगा असलेली शाळा घ्या. आणि ईटनमध्ये मेट्रन नसते, डेम असते. मुलं तिला तोंडावर मॅम म्हणतात. हाउसमधल्या शिस्त राखणाऱ्या वरिष्ठ मुलांना प्रीफेक्ट न म्हणता लायब्ररी म्हणतात, आणि अख्ख्या शाळेवर रुबाब करणारं मंडळ म्हणजे पॉप, १८११ पासूनचं. त्यातल्या मुलांना रंगीबेरंगी वेस्टकोट घालायची मुभा. तुमच्या एक्झिआटला तिथे लीव्ह म्हणतात.

माझं मत विचाराल तर स्वतःची शाळा रचा. कोणत्याही खऱ्या शाळेचं नाव घेतलंत की तिथे शिकलेला एखादा ऐकणारा चुका काढत बसेल आणि धाकट्याकडे कोणाचं लक्ष राहणार नाही. रचलेल्या शाळेत सगळीकडे चालणारे शब्द बिनधास्त वापरा : प्रेप, डॉर्म (शयनगृह), टक, सॅन (आजारी मुलांची खोली), मेट्रन, हाउसमास्टर, एक्झिआट. दोन-चार शब्द तुम्ही घडवू शकता, कारण घडवायच्या पद्धती ठरलेल्या आहेत. एक म्हणजे लॅटिनचा तुकडा. दुसरी म्हणजे शब्द अर्धा तोडून मागे 'अर' लावायचा. असोसिएशन फुटबॉलचं सॉकर झालं, रग्बीचं रगर झालं, ते याच खोडीतून. हॅरोत निळ्या कोटाला ब्लूअर, राखी पाटलोणीला ग्रेअर्स, व्यायामाला एकर, पोहण्याच्या तळ्याला डकर. तुमच्या शाळेच्या तळ्याला असं एखादं नाव दिलंत तर ते खपून जाईल.

आता दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट. तुमचा धाकटा तेराव्या वर्षी पहिल्यांदाच घर सोडतोय असं दिसतं. त्या वर्गातल्या घरांमध्ये १९३४ साली असं क्वचितच व्हायचं. मुलगा आठव्या वर्षी प्रेप स्कूलला जायचा, तिथे पाच वर्षं काढायचा आणि मग कॉमन एन्ट्रन्स ही प्रवेश परीक्षा देऊन मोठ्या शाळेत यायचा. (प्रेप स्कूल ही शाळा आणि नुसतं प्रेप म्हणजे संध्याकाळचा अभ्यास, यांत गल्लत नको.) म्हणजे तेराव्या वर्षी तो मुरलेला असतो. रडायचं कुठे, हे त्याला ठाऊक असतं. रविवारी घरी पत्र लिहायचं आणि ते मास्तरांच्या नजरेखालून जाणार, हेही त्याला माहीत असतं. त्यामुळे पत्रात काय लिहायचं तर हवा बरी आहे, आमचा संघ हरला, केक मिळाला, आणखी एक पाठवा. तुमच्या श्रुतिकेत असं एक पत्र मुलाच्या तोंडून वाचून घ्या आणि त्याच्या आधी त्या आठवड्यात खरं काय घडलं ते ऐकवा. मग वेगळं काही सांगावं लागणार नाही.

भावांविषयी. शाळेत पहिलं नाव नसतंच. समजा आडनाव कूपर. थोरला कूपर मेजर, धाकटा कूपर मायनर. तिसरा आला तर कूपर मायनिमस किंवा टर्शियस. हजेरीला, पाटीवर, मोज्यांवर, सगळीकडे हेच. घरातलं नाव मुलं जिवापाड लपवतात, कारण ते एकदा फुटलं की चिडवायला आयतं साधन. थोरला वरच्या वर्गातला असेल तर धाकट्याने वाटेत त्याला आपणहून हाक मारायची नाही, मुळात त्याच्याशी बोलायचंच नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला सांगितलं होतं की शाळेत भावाशी त्यांचं जे काही बोलणं व्हायचं ते स्टेशनच्या फलाटावर, दोन्ही टोकांना : गाडीतून उतरताना आणि सुट्टीला निघताना. तुमच्या धाकट्याच्या तोंडून जिन्यात चुकून थोरल्याचं घरचं नाव गेलं आणि भोवती चार मुलं असली, तर तिथून नाटक आपलं आपण चालू लागेल.

आवाजांकडे येते. हजेरीला मुलाने 'ॲडसम' म्हणायचं, लॅटिनमध्ये 'हजर आहे'. शंभरएक नावं भराभर, एकसुरी, आणि प्रत्येकामागे वेगवेगळ्या आवाजातलं ॲडसम. तेराव्या वर्षीचे काही आवाज फुटलेले, काही अजून पातळ. कोणाला एखादी वस्तू देऊन टाकायची असेल तर तो ओरडतो 'क्विस?', म्हणजे कोणाला हवं? पहिला जो 'एगो!' म्हणेल त्याची ती वस्तू. मास्तर येताना दिसले की राखणीला उभं केलेलं पोर हळूच म्हणतं 'केव्ही', सावध. भांडण थांबवायचं तर 'पॅक्स'. हे शब्द प्रेप स्कूलमधूनच येतात, त्यामुळे नव्या शाळेत धाकट्याला आधीपासून येत असतील. नव्या हाउसचे खास शब्द मात्र त्याला शिकावे लागतील, आणि ते न येणं त्याच्या अंगाशी येईल.

आणखी एक आवाज, माझ्या कामातला. हाउसचे दोन भाग असतात. एका बाजूला हाउसमास्टर आणि त्याचं कुटुंब, ती प्रायव्हेट साइड. दुसरीकडे मुलं, ती बॉइज साइड. मधे एक दार. जुन्या हाउसांत त्या दाराला हिरव्या लोकरी कापडाचं जाड अस्तर ठोकलेलं असायचं, पलीकडचा गोंगाट अलीकडे येऊ नये म्हणून. दार उघडं असलं की आरडाओरडा, भांडी, पावलं. दार लोटलं की घड्याळाची टिकटिक आणि कोणीतरी पियानो वाजवतंय. श्रुतिकेला याहून सोयीची वस्तू मिळायची नाही. १९३४ सालच्या मारहाणी या दाराच्या एका बाजूला व्हायच्या आणि दुसऱ्या बाजूला त्या कोणी ऐकल्या नाहीत.

मेट्रन पात्र म्हणून घेणार असाल तर तिला शिवणाची टोपली द्या. मुलाच्या प्रत्येक कपड्यावर नावाची फीत शिवलेली असते. पांढऱ्या सुती पट्टीवर लाल अक्षरांत विणलेलं नाव. मोज्यांच्या आत, टॉवेलच्या कोपऱ्यात, रुमालावर, ब्लेझरच्या कॉलरखाली. थोरल्याचे कपडे धाकट्याला येतात तेव्हा आद्याक्षर बदलतं, म्हणून जुनी फीत उसवून नवी लावायची. कॉलरखाली आधीच्या टाक्यांची भोकं राहतात. एक्झिआटहून रविवारी संध्याकाळी मुलं परत आली की लहानांपैकी दोन-तीन जण हमखास पोटात दुखतंय म्हणून माझ्या दाराशी यायचे. पोटात काही नसायचं. मी त्यांना औषध देत नसे. धुवून आलेल्या मोज्यांचा ढीग समोर टाकायचा आणि नावं वाचून जोड्या लावायला सांगायचं. हात चालू झाले की मुलं बोलतात. घरच्या कुत्र्याबद्दल, आईबाबांच्या भांडणाबद्दल, कशाबद्दलही. तेव्हा त्यांच्या तोंडी शाळेचा एकही शब्द नसायचा.

कागदपत्र

सुईदोरा ताईंचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. 'शब्द न येणं अंगाशी येईल' असं त्यांनी म्हटलंय, त्याला पुस्ती जोडतो. हे शब्दशः घडलेलं आहे.

विंचेस्टर कॉलेज १३८२ सालचं. तिथल्या शाळकरी बोलीला 'नोशन्स' म्हणतात. शब्द आणि रिवाज दोन्ही त्यात आले. नव्या मुलाला एक जरा जुना मुलगा नेमून दिला जायचा, त्याचं नाव 'टेजे'. त्याने नव्याला साधारण दोन आठवड्यांत नोशन्स पढवायचे आणि मग मोठी मुलं तोंडी परीक्षा घेणार. थोकिंग म्हणजे लोळत पडणं. रेमेडी, तोडून रेम, म्हणजे सुट्टीचा दिवस. कोणती वाट कोणासाठी, कोणतं बटण कोणी उघडं ठेवायचं, असलंही बरंच काही. तिथला फुटबॉलही वेगळाच, आणि त्यातल्या रेटारेटीला हॉट म्हणतात.

१८७२ मध्ये तिथल्या एका मोठ्या मुलाने या नोशन्स परीक्षेला बसायला नकार दिला. वय सतराच्या पुढे, म्हणजे कुक्कुलं बाळ नव्हे. प्रीफेक्टने त्याला ॲश नावाच्या झाडाच्या छड्यांनी तीस फटके मारले, इतके जोरात की पाच छड्या मोडल्या. या मारण्याला त्यांच्या बोलीत टंडिंग म्हणतात. प्रकरण टाइम्सच्या पत्रव्यवहारात गेलं, देशभर वाद पेटला आणि हेडमास्तरांनी आधी आपल्या प्रीफेक्टचीच बाजू घेतली. लक्षात घ्या, ही १८६८ च्या पब्लिक स्कूल्स कायद्यानंतरची गोष्ट आहे. सरकारी चौकशी होऊन ईटन, हॅरो, विंचेस्टर, वेस्टमिन्स्टर, रग्बी, श्रूजबरी आणि चार्टरहाउस या सात शाळांचा कारभार त्या कायद्याने नुकता सुधारला होता. कारभार सुधारला, छडी तशीच राहिली.

याचं कारण प्रीफेक्टची पद्धत. मास्तर कमी, मुलं फार, म्हणून वरच्या वर्गाच्या हाती शिस्त द्यायची. रग्बीला टॉमस आर्नल्ड १८२८ ते १८४२ हेडमास्तर होते. त्यांनी सिक्स्थ फॉर्मवर, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गावर, नैतिक जबाबदारी टाकून या पद्धतीला प्रतिष्ठा दिली आणि बाकीच्या शाळांनी ती उचलली. फॅगिंगही त्याच चौकटीतलं : मी तुझं संरक्षण करतो, तू माझं काम कर. श्रूजबरीत फॅगला 'डूल' म्हणायचे. ग्रीकमध्ये डूलोस म्हणजे गुलाम. हा शब्द मुलांनीच निवडलेला आहे, आणि तो विचार करून निवडलेला आहे.

ईटनची तऱ्हा अशी : वरिष्ठ मुलगा जिन्यात उभा राहून लांबलचक 'बॉ–य!' अशी आरोळी ठोकायचा. हाउसमधले सगळे फॅग हातातलं टाकून धावत सुटायचे. सगळ्यात शेवटी पोचेल त्याच्या गळ्यात काम. टोस्ट भाजणं, शेगडी पेटवणं, बूट चमकवणं, चिठ्ठी घेऊन दुसऱ्या हाउसला पळणं. ध्वनिलहर, तुम्हाला आवाज हवा होता ना? ही आरोळी आणि लाकडी जिन्यावरची धावपळ घ्या. तुमच्या रचलेल्या शाळेतही चालेल. आणि फॅग हा शब्द आज बाहेर फार घाणेरड्या अर्थाने वापरला जातो, त्यामुळे तो पहिल्यांदा कानावर पडेल तिथेच हे काम ऐकू येऊ द्या.

ईटनमध्ये फॅगिंग १९८० च्या सुमारास संपलं. सरकारी शाळांतला वेत १९८७ मध्ये बंद झाला. खाजगी शाळांत, इंग्लंड आणि वेल्सपुरता, कायद्याने तो बंद व्हायला १९९९ उजाडलं. इतका उशीर का, याचं मला पटेल असं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

अवांतर : नेहरू १९०५ ते १९०७ हॅरोत होते. तिथे त्यांना 'जो' म्हणत.

वल्हं

वरचं सगळं खरं आहे, पण श्रुतिका नुसती छडी आणि हुंदके यांची होऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून लिहितोय. थेम्सकाठच्या एका शाळेत मी मुलांना वल्हवायला शिकवतो. ईटनमध्ये दोन जाती मानतात : नदीवर जाणारे वेट बॉब, क्रिकेट खेळणारे ड्राय बॉब. पहाटे धुक्यात आठ जणांची होडी सरळ रेषेत निघते, आठही पाती एकदम पाण्यात शिरतात आणि कॉक्सचा, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याचा, आवाज तेवढा येत राहतो, तेव्हा त्या मुलांच्या चेहऱ्यावर काय असतं ते मी रोज बघतो. १९३४ च्या मुलांनाही ते मिळत होतं. धाकट्याला शाळेत एक तरी जागा अशी द्या जिथे तो खूश आहे.

आवाजच हवा तर फाइव्ह्ज घ्या. हातमोजा घालून भिंतीवर चेंडू मारायचा खेळ. ईटनचं कोर्ट तिथल्या चॅपलच्या भिंतीवरून बेतलेलं. खेळ चॅपलबाहेर, भिंतीला आधार देणाऱ्या पुस्त्यांमध्ये सुरू झाला, तिथे जिन्याचा कठडा मधे यायचा, तर नवीन कोर्टं बांधतानाही तो अडथळा मुद्दाम ठेवला. चेंडू त्याच्यावर आपटला की कुठे जाईल ते सांगता येत नाही. रग्बी आणि विंचेस्टरचे फाइव्ह्ज पुन्हा वेगळे. चामड्यावर कडक चेंडूचा टणत्कार, दगडी भिंतींतला घुमारा आणि मुलांचं हसणं.

ईटनच्या वॉल गेमच्या वाटेला जाऊ नका. भिंतीलगतची पाच मीटर रुंद, एकशेदहा मीटर लांब पट्टी, त्यात चिखलात मुलांचा ढीग. दर वर्षी ३० नोव्हेंबरच्या आसपास, सेंट अँड्र्यूच्या दिवसासाठी, कॉलेजर (म्हणजे ते किंग्ज स्कॉलर) विरुद्ध ऑपिडन सामना होतो आणि त्या सामन्यात १९०९ नंतर गोल झालेला नाही. रेडिओवर त्यातलं काहीच कळणार नाही.

ध्वनिलहर

सुईदोरा ताई, कागदपत्र, वल्हं, तिघांचेही मनापासून आभार. शाळा रचायची हे नक्की केलं. धाकटा आठव्या वर्षीपासून प्रेप स्कूलला होता असं करतो. त्यामुळे थोरला आणि तो पाच वर्षं फक्त सुट्टीतच भेटले आहेत, ही नवी गोष्ट हाती लागली. नव्या शाळेतल्या बोलीची परीक्षाही घेतो. ती थोरल्याच्या मित्रांनी घ्यायची आणि थोरला खोलीत बसलेला.

दोन शंका उरल्या. मार थोरल्याच्या हातून होईल का? सख्ख्या भावाला मारायला लावत असत का? आणि मार संपल्यावर मुलगा काय बोलतो?

सुईदोरा

वल्हं यांचं पटलं. माझ्या हाउसमधली मुलंही बराच वेळ आनंदात असायची आणि शाळा सोडताना कित्येकांना रडू आवरायचं नाही. नाटकात ते असायलाच हवं. धाकट्याला फाइव्ह्ज छान खेळता येतो असं करा. मग मोठ्या मुलांना त्याच्याबद्दल आदर वाटेल आणि थोरल्याला थोडा हेवाही.

भावाविषयी. सोळाव्या वर्षी थोरला बहुधा प्रीफेक्ट नसेल, ते सतरा-अठराचे असतात. म्हणजे मारण्याचा हक्क त्याच्याकडे नाही. त्याला सतरा वर्षांचा करा, किंवा मारणारा दुसरा ठेवा आणि थोरल्याला शेजारच्या खोलीत बसवा. मला दुसरं जास्त खरं वाटतं. त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या बाबतीत असंच झालं होतं. मारणाऱ्याने आधी थोरल्याला बोलावून विचारलं, 'तुझी काही हरकत?' थोरल्याने नाही म्हटलं. हरकत घेतली असती तर काय झालं असतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, मार चुकला नसता, भाऊ मात्र हाउसमधून उठला असता. पुढे पन्नास वर्षं दोघे भाऊ शेजारच्या गावांत राहिले आणि या विषयावर कधी बोलले नाहीत.

मार खाताना आवाज करायचा नाही हा नियम मुलांचाच. मारून झाल्यावर मुलाने सरळ उभं राहून 'थँक यू' म्हणायचं, असं कित्येक शाळांच्या आठवणींत येतं. तुमच्या श्रुतिकेत फटके मोजून ऐकवू नका. पहिला ऐकवा, मग हिरव्या कापडाचं ते दार लोटलं जाऊ द्या आणि पियानो येऊ द्या. धाकट्याचं 'थँक यू' मात्र दाराच्या अलीकडे, अगदी माइकजवळ घ्या. आवाज नेहमीचा, शिष्टाचाराचा, प्रेप स्कूलमध्ये शिकवलेला.

एक किरकोळ गोष्ट. त्या रात्री डॉर्ममध्ये मुलं त्याची विचारपूस करणार नाहीत. ती विचारतील, 'दाखव'. वळ मोजले जातील आणि जवळजवळ पडलेत की विखुरलेले, यावरून मारणाऱ्याचा हात किती नेमका, याची चर्चा होईल. धाकट्याचा भाव त्या रात्री वधारलेला असेल, आणि त्याला ते आवडतही असेल. हे लिहायला कचरू नका. मी ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या बहुतेकांनी हा भाग हसत सांगितला आणि जिन्यातला, भावाच्या नावाचा भाग सांगताना मात्र ते थांबले.

मसुदा झाला की मेट्रनचे संवाद मला पाठवा. ती मुलांना 'बाळा' वगैरे म्हणणार नाही, आडनावानेच बोलेल. एवढं तपासून देते.

कागदपत्र

बोलीच्या परीक्षेसाठी एक सुचवतो. प्रश्नांची उत्तरं ठरलेली असू देत आणि त्यांतल्या एका प्रश्नाचं खरं उत्तर मुद्दाम चुकीचं असू देत. म्हणजे ज्याने टेजेकडून शिकलंय त्यालाच ते येईल, डोकं लावणाऱ्याला नाही. विंचेस्टरच्या जुन्या नोंदींमध्ये नव्या मुलाला पिटाळण्याचा एक प्रकार आहे, त्याचं नाव 'पेम्पे'. एक पुस्तक घेऊन ये म्हणून नव्याला एकाकडे पाठवायचं. तो म्हणणार माझ्याकडे नाही, अमक्याकडे असेल. तो पुढच्याकडे पाठवणार. त्या पुस्तकाचं ग्रीक नाव असं की त्याचा अर्थच 'मूर्खाला पुढे पाठव'. तुमचा धाकटा प्रेप स्कूलमध्ये ग्रीक शिकलेला असेल तर तिसऱ्या दाराशी त्याला ते कळेल. तरीही तो चौथ्या दाराशी जातो की नाही, हे तुम्ही ठरवा.